हॉटेलच्या गोष्टीला तारीख विचारा

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मी जो पहिला सिनॉप्सिस लिहिला, त्याचं पहिलंच वाक्य होतं: 'वॉटसन हॉटेलमध्ये हिंदी माणूस म्हणून प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजी टाटांनी मुंबईत ताजमहाल हॉटेल उभारले.' विषय होता मुंबईतली जुनी हॉटेलं आणि त्यांच्याभोवतीचं शहर. अशा विषयाची सुरुवात दणक्यात व्हायला हवी, असं मला वाटलं होतं. गाइडनी कागद परत दिला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीने तीन शब्द लिहिलेले होते: 'कधी? कुणी लिहिलंय?'

खरं सांगते, मला राग आला. ही गोष्ट कुणाला माहीत नाही? मी ती पहिल्यांदा ऐकली खोडाळ्यात, शाळेत असताना. खोडाळा म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातलं गाव. तोवर मी मुंबई पाहिली नव्हती, समुद्रही पाहिला नव्हता. पण टाटांना गोऱ्यांनी हॉटेलच्या दारातून परत पाठवलं आणि त्यांनी त्याहून मोठं हॉटेल बांधून दाखवलं, हे पाठ होतं. जी गोष्ट डोंगरातल्या शाळेपर्यंत पोचली, तिला आणखी पुरावा कसला लागतो?

हाच प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. 'सगळ्यांना माहीत आहे' हा संदर्भ होत नाही. एखादी गोष्ट लांबवर पोचली, यावरून ती सांगायला सोपी आहे आणि ऐकायला गोड आहे एवढंच सिद्ध होतं. ती घडली का, हा वेगळा प्रश्न. आज एका हॉटेलच्या इतिहासाची अशीच झाडाझडती घेऊ. हॉटेलबद्दल तर कळेलच, पण आपला सिनॉप्सिस कुठे लंगडतो, तेही कळेल.

गोष्टीचा साचा ओळखा

आधी ठाम माहिती. ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी अपोलो बंदरावर सुरू झालं. बांधकाम 1898 मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे अपमान झाला असेल, तर तो त्याआधी झाला असला पाहिजे. आता ही गोष्ट सांगणाऱ्यांना साल विचारून बघा. साल कुणीच सांगत नाही. कुणाच्या गोष्टीत जमशेटजी एकटे जातात, कुणाच्या गोष्टीत परदेशी मित्राबरोबर. कुणी दारावर पाटी लावतो, कुणी दरवान उभा करतो. हॉटेलही प्रत्येक वेळी वॉटसनच असतं असं नाही. घटना एक आणि तपशील दर सांगणाऱ्यागणिक वेगळा, असं दिसलं की संशोधकाने जरा थांबावं.

थांबलं की गोष्टीचा साचा दिसतो. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवलं, म्हणून ध्रुव अढळपद मिळवायला निघाला. नंदाच्या दरबारात अपमान झाला, म्हणून चाणक्याने शेंडी सोडली आणि राज्य बुडवलं. अपमान, प्रतिज्ञा, मग अपमान करणाऱ्यापेक्षा मोठं काहीतरी. हा साचा आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ असतो. आणि तो फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत सांगतात की साध्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्डच्या अध्यक्षांना भेटायला गेलं, त्यांना हिडीसफिडीस केलं गेलं, म्हणून त्यांनी आपलं स्वतःचं स्टॅनफर्ड विद्यापीठ काढलं. प्रत्यक्षात लीलंड स्टॅनफर्ड हे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर राहिलेले रेल्वेसम्राट. त्यांचा एकुलता एक मुलगा 1884 मध्ये पंधराव्या वर्षी विषमज्वराने गेला, त्याच्या आठवणीत विद्यापीठ उभं राहिलं आणि 1891 मध्ये सुरू झालं. खरी हकिगत जास्त दुःखाची आहे, तरी लोक अपमानाचीच सांगतात.

साचा सापडला म्हणजे गोष्ट खोटी ठरली, असं मात्र लगेच लिहू नका. ही दुसरी चूक मी सिनॉप्सिसच्या दुसऱ्या खर्ड्यात केली. साच्यात बसणाऱ्या गोष्टीसुद्धा कधीकधी घडलेल्या असतात. वसाहतकाळातल्या मुंबईत गोऱ्यांचे क्लब हिंदी माणसांना सभासद करून घेत नसत, हे काही कल्पित नाही. म्हणून साचा हा फक्त इशारा समजायचा. त्यानंतर पुरावे समोरासमोर ठेवायचे.

टाटा घराण्याच्या आठवणींमध्येच एक पुरावा आहे, आणि तो या गोष्टीच्या विरुद्ध बोलतो. जमशेटजींनी हॉटेलचा बेत सांगितला तेव्हा घरातल्यांना नवल वाटलं. एकीकडे विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना काढायच्या गोष्टी करतोस आणि आता भटारखाना काढणार का, असं बहिणीने विचारल्याची आठवण सांगतात. 'भटारखाना' हा त्यातला शब्द मला फार बोलका वाटतो. भावाचा भर हॉटेलच्या दारात अपमान झालेला असता आणि त्याने त्या जिद्दीने हॉटेल काढायचं ठरवलं असतं, तर बहिणीला ते 'भलतंच काय हे' असं वाटलं असतं का? ही आठवणही नंतर सांगितलेली आहे, तेव्हा तीही घासून घ्यायला हवी. पण ती गोष्टीला आडवी जाते आणि तिच्या मागे सोयीचा साचा नाही, म्हणून तिचं वजन थोडं जास्त.

वसाहतकाळाचे इतिहासकार चार्ल्स ॲलन यांनी ही सूडाची कथा मानली नाही. मुंबईला शोभेल असं हॉटेल हवं, या टाइम्स ऑफ इंडियाच्या संपादकांच्या आग्रहातून ताज उभं राहिलं, असं स्पष्टीकरण त्याऐवजी दिलं जातं. वाचल्यावर मला हायसं वाटलं. आता हे वाक्य उचलून टाकावं आणि मोकळं व्हावं! पण गाइडचे पेन्सिलीतले तीन शब्द इथेही लागू होतात. 1898 मध्ये संपादकाच्या खुर्चीत कोण होतं? आग्रह कधी, कुठल्या अंकात, की नुसता बोलण्यात? एका दंतकथेला हुसकावून तिच्या जागी दुसरी बसवणं म्हणजे संशोधन नव्हे. तुम्हाला पटणाऱ्या स्पष्टीकरणालाही तोच प्रश्न विचारा जो न पटणाऱ्याला विचारलात.

त्या काळाच्या पार्श्वभूमीचा एक धागा मात्र तारखेनिशी हाती येतो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला. माणसं शहर सोडून पळाली, व्यापार बसला, 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी ताजचं काम सुरू होतं. प्लेगमुळे बदनाम झालेल्या शहरात एक उद्योगपती प्रचंड पैसा हॉटेलमध्ये घालतो, हा मला अपमानाच्या कथेपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. हेही कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. दोन घटना एका वर्षी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. पण यावर कागद शोधता येतील असा हा प्रश्न आहे, आणि चांगल्या संशोधनप्रश्नाची पहिली ओळख तीच.

उलटं बांधलेलं हॉटेल

ताजची दुसरी गोष्ट तुम्ही गेटवेला लाँचची वाट बघत उभं राहिलात तर फुकट ऐकायला मिळते. हॉटेल म्हणे उलटं बांधलं गेलं. परदेशी वास्तुविशारद नकाशा देऊन मायदेशी गेला, परत येऊन बघतो तर समुद्राकडे पाठ आणि शहराकडे तोंड! धक्का बसून त्याने जीव दिला.

ही गोष्ट मोडायला पुराभिलेखागारात जायचीही गरज नाही. हॉटेलचे मूळ वास्तुविशारद होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य हॉटेल पूर्ण होण्याआधीच वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने पुरं केलं. बांधकामाचं कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांच्याकडे होतं आणि आतला तो प्रसिद्ध, अधांतरी वाटणारा जिना त्यांच्याच नावावर आहे. पूर्ण झालेली इमारत बघून जीव देणारा परदेशी विशारद यात कुठे बसतो?

राहिला तोंड-पाठीचा प्रश्न. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झालं, म्हणजे हॉटेलनंतर तब्बल एकवीस वर्षांनी. आज आपण गेटवेसमोर उभे राहून 'ही पुढची बाजू' म्हणतो, ते पटांगण 1903 मध्ये असं नव्हतंच. पाहुण्यांच्या गाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून प्रवेश तिकडे ठेवला. दोन बाजूंच्या पंखांमध्ये जी मोकळी जागा होती, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. हॉटेल जागचं हललं नाही, शहराने उभं राहायची जागा बदलली. नंतरच्या काळाच्या डोळ्यांनी आधीची गोष्ट बघितली की ती उलटी दिसणारच. तुमच्या प्रबंधात अशी जागा कुठे आहे, ते आजच शोधून ठेवा. माझ्यात तीन निघाल्या.

पण मला या गोष्टीतलं जास्त टोचतं ते वेगळंच. पहिली गोष्ट आपण हिंदी माणसाचा अभिमान म्हणून सांगतो. दुसऱ्या गोष्टीत त्याच हॉटेलचा नकाशा काढणारा एक मराठी माणूस आपण स्वतःच पुसून टाकतो आणि त्याच्या जागी एक परदेशी बसवतो. एवढी मोठी इमारत म्हणजे विशारद परदेशीच असणार, हे आपण न विचारता धरून चाललो. मी स्वतः सीताराम खंडेराव वैद्य हे नाव एम.ए. पूर्ण होईपर्यंत ऐकलं नव्हतं. आत्महत्या करणारा साहेब मात्र शाळेपासून ओळखीचा. दंतकथेवर माझा मुख्य आक्षेप हाच. ती खोटी असते एवढ्यावर भागत नाही. ती जागा अडवते, आणि जिथे खरं नाव बसायचं तिथे आधीच कुणीतरी पाय पसरून बसलेलं असतं.

वॉटसनमध्ये काय घडलं, हे लिहिलेलं आहे

आता वॉटसनकडे जाऊ. आपल्या सगळ्या गोष्टींत वॉटसनचं काम एवढंच, की दार बंद करायचं. पण ते हॉटेल स्वतः संशोधनाचा मोठा विषय आहे. बिडाच्या सांगाड्याची ही इमारत रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यावरून बनली. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने आणले आणि 1860 च्या दशकाच्या अखेरीस काळा घोड्यापाशी जोडले. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताच्या कामातही ऑर्डिश होते. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलमध्ये झाला, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि पुढे तिथे वेगवेगळ्या दरांची तिकिटं निघाली. हॉटेल बंद पडल्यावर इमारतीत कचेऱ्या आणि भाडेकरू आले, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या 2006 च्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने ती घेतली. 2019 मध्ये ती रिकामी करण्यात आली.

तुम्ही कधी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कामाला गेलात, तर चहाच्या सुट्टीत बाहेर पडा, दोन मिनिटांवर वॉटसन आहे. ज्याच्याबद्दल वाचतोय ती वस्तू चालत जाऊन बघता येणं, हे सुख सगळ्या विषयांत मिळत नाही.

आता अपमानाबद्दल. जानेवारी 1896 मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आले आणि वॉटसनमध्ये उतरले. त्या जगप्रवासावरचं त्यांचं पुस्तक 1897 मध्ये निघालं. त्यात मुंबईतल्या हॉटेलातल्या पहिल्याच दिवसाचा एक प्रसंग आहे. एक धिप्पाड जर्मन माणूस त्यांना खोली दाखवायला आला, बरोबर तीन हिंदी नोकर. गच्चीकडे उघडणाऱ्या दाराचं काहीतरी ठीक करायचं होतं. एक नोकर गुडघ्यांवर बसून ते करू लागला. त्याचं काम जर्मनाला पसंत पडलं नाही. काय चुकलं हे सांगायच्या आधीच त्याने नोकराच्या थोबाडीत दिली, आणि मग चूक सांगितली. नोकराने चकार शब्द काढला नाही. ट्वेन अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी बघत वाढलेले. ते लिहितात की त्या एका क्षणात त्यांचं बालपण डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि गुलामांना असंच मारलं जायचं हे आठवलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आपण ज्या पुराव्याच्या शोधात होतो, तो हाच ना? साल आहे, साक्षीदार आहे. त्याने दोन वर्षांच्या आत छापलं आहे. साक्षीदाराला टाटांचं कौतुक करायचं नाही, ताज अजून जन्माला यायचं आहे, त्यामुळे गोष्ट रचायचं कारण नाही. त्या काळच्या हॉटेलात हिंदी माणसाला काय वागणूक मिळायची, याचा हा धडधडीत कागद आहे. फक्त अपमान टाटांचा नाही. दार पुसायला गुडघ्यावर बसलेल्या एका नोकराचा आहे, आणि त्याचं नाव आपल्याला कळत नाही.

मग त्याची गोष्ट शाळेत का सांगत नाहीत? कारण तो साच्यात बसत नाही. त्याने प्रतिज्ञा केली नाही, हॉटेल बांधलं नाही. मार खाल्ला आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आला. अपमान झाला की माणूस मोठा होतो, हे आपल्याला ऐकायचं असतं. बहुतेकांचा अपमान नुसताच अपमान राहतो, हे ऐकायचं नसतं.

ट्वेनच्या नोंदीलाही तेच प्रश्न विचाराल ना? विचारायलाच हवेत. तो विनोदी लेखक आहे, प्रसंग खुलवून सांगायची त्याला सवय. हे त्याने व्याख्यानदौऱ्यात पाहिलेलं, परत गेल्यावर लिहिलेलं. शब्दन् शब्द खरा मानू नका. पण टाटांच्या गोष्टीच्या शेजारी ही नोंद ठेवा आणि बघा, वजन कुठे जास्त आहे.

माझी स्वतःची दंतकथा

इथवर आल्यावर मला वाटलं, आता मी शहाणी झाले. मग मी माझ्या आवडीचं वाक्य लिहिलं: 'ताजमहाल हॉटेल समुद्रकाठी दिसत असले तरी ते वैतरणेच्या पाण्यावर उभे राहिले.'

हे वाक्य कुठून आलं ते सांगते. कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला येताना वैतरणा ओलांडावी लागते. पावसाळ्यात आमच्याकडे धबधबे बघायला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो, आणि टँकर यायच्या आधी हंडे रांगेत लागलेले असतात. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघून जातात. धरणं आमच्या अंगणात आणि नळ मुंबईत, हे ऐकत आम्ही मोठे झालो. तेव्हा जगप्रसिद्ध हॉटेलच्या इतिहासात आमची नदी आणून बसवायची संधी मी कशी सोडणार होते?

यावेळी गाइडना कागद दाखवण्याआधी पेन्सिल मी स्वतःच घेतली. कधी?

मुंबईच्या पाण्याच्या तारखा अशा: विहार तलाव 1860, तुळशी 1879, तानसा 1892. ताज उघडलं 1903 मध्ये. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी शहराला वैतरणेचं पाणी येतच नव्हतं. वैतरणेवरचं पहिलं धरण, म्हणजे महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखलं जाणारं मोडक सागर, 1957 मध्ये कामाला लागलं. ऊर्ध्व वैतरणा 1973 मध्ये. आमच्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ बांधलेल्या, शंभर मीटरहून उंच अशा मध्य वैतरणा धरणातून पाणी मिळू लागलं ते तर 2014 मध्ये. माझं वाक्य पन्नासेक वर्षांनी चुकलं होतं.

वाईट वाटलं. वर मी टाटांच्या गोष्टीबद्दल जे जे लिहिलं, ते सगळं माझ्या वाक्यालाही लागू होतं. अन्याय खरा होता, पण तो मी सोयीच्या ठिकाणी नेऊन चिकटवला होता. आपल्या बाजूची दंतकथा ओळखणं सगळ्यात अवघड. तिच्यात आपलं दुःख असतं, आणि आपल्या दुःखाला तारीख विचारायचं मनाला येत नाही.

पण तारीख विचारल्याने दुःख कमी होत नाही. उलट नेमकं होतं. आता लिहायचं वाक्य असं: 1903 चं हॉटेल तानसाच्या आणि त्याआधीच्या तलावांच्या काळातलं. 1957 पासून वैतरणा शहराच्या नळात येते. मुंबईला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातला 455 दशलक्ष लिटरचा वाटा एकट्या मध्य वैतरणेचा, म्हणजे साधारण आठवा हिस्सा. वेगवेगळ्या तलावांचं पाणी वाटेत मिसळतं. त्यामुळे एखाद्या हॉटेलच्या पेल्यातलं किती पाणी आमचं, हे सांगता येणार नाही आणि मी सांगणार नाही. शहराच्या आठ हंड्यांतला एक आमच्या तालुक्यातल्या धरणातून भरतो, एवढं मात्र सांगता येतं. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. या दोन वाक्यांना विशेषणांची गरज नाही. ती नुसती शेजारी ठेवली तरी पुरे.

वाक्य नेमकं झालं की त्यातून पुढचे प्रश्न फुटतात, हा फायदा वेगळाच. 1892 आधी बडी हॉटेलं पाण्याची सोय कशी करायची? तानसा झाल्यावर हॉटेलांची संख्या आणि आकार बदलला का? 1957 नंतर? हॉटेलचा इतिहास पाहुण्यांच्या नोंदवहीतून लिहायची रीत आहे: कोण राजा उतरला, कोण नट उतरला. तोच इतिहास पाण्याच्या जोडणीतून, धोबीघाटातून, भटारखान्यातून लिहिला तर कोण कोण भेटेल? पहिल्या महायुद्धात ताजमध्ये 600 खाटांचं इस्पितळ होतं, असं सांगतात. त्या 600 खाटांच्या चादरी कोण धूत होतं? ताजचे कर्मचारी लोकांना ठळकपणे दिसले ते 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात, पाहुण्यांना वाचवताना. त्याआधीची शंभर वर्षं ते तिथेच होते.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा विषय हॉटेल नसेल. कुणाचा साखर कारखाना असेल, कुणाचा तमाशाचा फड, कुणाचं गावचं वाचनालय. तरी चार कामं आजच करा.

पहिलं, तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं वाक्य काढा. टाळ्या मिळतील असं वाटतं ते. त्याखाली पेन्सिलीने 'कधी? कुणी लिहिलंय?' असं लिहा आणि उत्तर भरा. उत्तर नसेल तर वाक्य खोडू नका, 'असे सांगितले जाते' एवढं जोडा आणि कोण सांगतं हे शोधा. दंतकथा कधी जन्मली आणि कुणाच्या कामाला आली, हाही एक धडधाकट संशोधनविषय आहे.

दुसरं, एका कागदावर नुसत्या तारखा उतरत्या ओळीत लिहा. माझ्या यादीत 1892, 1896, 1898, 1903, 1924, 1957, 2014 एवढे आकडे खाली-खाली आले, आणि अर्ध्या दंतकथा तिथेच गळून पडल्या.

तिसरं, गोष्टीने कुणाची जागा अडवली आहे ते बघा. ताजच्या दोन गोष्टींनी सीताराम खंडेराव वैद्यांची आणि एका बिननावाच्या नोकराची जागा अडवली होती. तुमच्या विषयातही असं कुणीतरी भिंतीला टेकून उभं असेल.

चौथं काम सगळ्यात नावडतं. तुमच्या गावाच्या, जातीच्या, भाषेच्या, चळवळीच्या बाजूने बोलणारी जी गोष्ट आहे, तिलाही तोच प्रश्न विचारा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक तो विचारतीलच. त्यांच्याआधी आपण विचारलेला बरा.

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य शेवटी काय झालं, असं कुणीतरी विचारेलच. 'ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. त्याचे मूळ वास्तुविशारद सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा होते.' दणका काही उरला नाही त्यात. गाइडनी वाचलं, पेन्सिल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हं, आता पुढचं वाक्य लिही."